लोकसभा २०२४ : राज्य एकीकडे, ठाणं दुसरीकडे? प्रदेशवार निकाल आणि आकडेमोड

येऊरचा वारा (वर्तकनगर, ठाणे) :
मंडळी, ४ जूनपासून ऑफिसात, लोकलमध्ये, सोसायटीच्या गेटवर हाच एक विषय चाललाय आणि जो तो त्याच आकड्यांतून आपल्याला हवा तो अर्थ काढतोय. म्हणून म्हटलं इथे एकदा नीट मांडून बघू.
देशाचं सगळ्यांना पाठ झालंच असेल. भाजप २४०, काँग्रेस ९९, समाजवादी ३७, तृणमूल २९, द्रमुक २२, तेलुगू देसम १६, जदयू १२, मग आपले उद्धव ठाकरे ९, शरद पवार ८, शिंदे ७. एनडीए २९३, इंडिया २३४. बहुमताला २७२ लागतात म्हणजे भाजप एकट्याने ३२ ने कमी पडला आणि चंद्राबाबू नि नितीशकुमार यांचा भाव एका दुपारीत वधारला. "चारसौ पार" म्हणणारे माझ्या ग्रुपवरचे तीन जण अजून ऑनलाइन दिसत नाहीत, असो.
माझा प्रश्न आपल्या घरचा आहे. महाराष्ट्रात ४८ पैकी आघाडी ३०, महायुती १७ आणि सांगलीचे विशाल पाटील अपक्ष. पण हे १७ कुठून आले ते बघा. पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे, रायगड, रत्नागिरी-सिंधुदुर्ग, या सहापैकी पाच महायुतीला. उरलेल्या ४२ जागांत मिळून फक्त १२! राज्यभर एवढी दाणादाण होत असताना आपल्या ठाण्यात नरेश म्हस्के २ लाख १७ हजारांनी येतात आणि शेजारी कल्याणला श्रीकांत शिंदे २ लाख ९ हजारांनी. एकाच राज्यात एकाच निवडणुकीत असं उलटं का? "पैसा" किंवा "मशीन" एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका, जरा पुढे जाऊ.

आजोबा_नौपाडा :
छान धागा. ठाण्यापुरतं उत्तर मला तरी फार अवघड वाटत नाही. जुलै २०२२ मध्ये शिवसेनेच्या ६७ पैकी ६६ माजी नगरसेवक शिंद्यांबरोबर गेले, मागे राहिले ते फक्त विचाऱ्यांच्या घरातलं एक नाव. आता माजी नगरसेवक गेला म्हणजे काय जातं? नळाच्या तक्रारीला धावणारा पोरगा जातो, गणपती मंडळ जातं, दहीहंडीचा स्टेज जातो, मतदानाच्या दिवशी स्लिपा वाटणारे आणि म्हाताऱ्यांना रिक्षात घालून नेणारे हात जातात. दिघेसाहेबांनी उभी केलेली शाखा ही वस्तू मुंबईतल्या शाखेपेक्षाही घट्ट होती आणि ती अख्खी एकाच बाजूला गेली. राजन विचारे माणूस कामाचा, महापौर होते, आमदार होते, दोनदा खासदार. २०१९ ला आनंद परांजपेंना ४ लाख १२ हजारांनी पाडलं त्यांनी. तेच विचारे या वेळी ५ लाख १७ हजारांवर थांबले. पण एकट्याने ५ लाख लोकांना मत द्यायला लावणं, तेही हातात शाखा नसताना, हे मला तरी कमी वाटत नाही.
बाकी हा गड मुळात शिवसेनेचा नव्हे हे हल्लीच्या मुलांना माहीत नसतं. म्हाळगी, कापसे ही जनसंघ-भाजपची परंपरा, १९९६ ला प्रकाश परांजपे आले तेव्हा ही जागा सेनेकडे आली. नौपाडा, पाचपाखाडीतल्या पांढरपेशाला कमळ काय नि धनुष्यबाण काय, मोदींना मत म्हटलं की झालं.

सीवूड्सची सून :
आजोबा, पण नवी मुंबईत तर भाजपवालेच नाराज होते ना! तिकीट गणेश नाईकांच्या घरी जाणार म्हणून सगळे वाट बघत बसलेले, म्हस्केंचं नाव आलं १ मेला, अर्ज भरायची मुदत ३ मे. आमच्या इथे लोकांनी राजीनामे दिले, बैठका झाल्या, मग वरून समजूत काढली. मला वाटलेलं बेलापूर-ऐरोलीत फटका बसणार. तरी दोन लाख??

घणसोलीकर :
ताई, फटका बसला की नाही ते विधानसभानिहाय आकडे नीट हातात आल्यावर बोलू. ठाणे लोकसभा म्हणजे नुसतं ठाणं नाही ना, मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. म्हणजे भाईंदरचा कापडवाला, घोडबंदरचा आयटीवाला आणि आमच्या गावठाणातला आगरी एकाच खासदाराला मत देतो. आमच्या गावात चर्चा होती प्रकल्पग्रस्तांच्या घरांची, विमानतळाला दिबांचं (दि. बा. पाटलांचं) नाव देण्याची. हे दोन्ही विषय दोन्ही उमेदवारांनी सारख्याच आवेशात घेतले, त्यामुळे त्यावर मत फिरण्यासारखं काही उरलंच नाही. आणि खारघर-कामोठेवाले तर मावळात, पिंपरी-चिंचवडबरोबर! खाडीला लागून राहायचं आणि घाटावरच्या खासदाराला मत द्यायचं, हे ज्याने आखलं त्याला एकदा संध्याकाळी सहाला सायन-पनवेल हायवेवर उभं करायला पाहिजे.

आसनगाव फास्ट :
तुम्ही सगळे भिवंडी विसरताय. मी शहापूर तालुक्यातला, कामाला ठाण्यात, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकतो. भिवंडीत केंद्रातले मंत्री कपिल पाटील पडले, बाळ्यामामा म्हात्रे ६६ हजारांनी आले आणि अपक्ष निलेश सांबरेंनी २ लाख ३१ हजार घेतले. अपक्ष! आमच्याकडे त्यांच्या संस्थेचा दवाखाना, मुलांचे क्लास, अँब्युलन्स हे सगळं आधीपासून होतं, आणि कुणबी मतांचं गणित होतं. त्यात भिवंडी पूर्व-पश्चिमेतला मुस्लिम मतदार एकगठ्ठा तुतारीकडे, म्हणजे शरद पवारांच्या पक्षाकडे गेला, बाकीची मतं फाटली. ठाण्यात मतदान ५२ टक्के, कल्याणला ५० आणि आमच्याकडे साधारण ६०, हेही बघा. जिल्हा एकच, २० मे हा दिवस एकच, ऊनही तेच.

मुलुंडपूर्व :
चेकनाक्याच्या अलीकडून नमस्कार. माझा भाऊ कोपरीत राहतो, आमच्यात अंतर रिक्षाने दहा मिनिटं. त्याचा खासदार शिंदेसेनेचा, माझा ठाकऱ्यांचा. पण मुलुंडने काही संजय दिना पाटलांना निवडून दिलेलं नाही, मुलुंडने भाजपच्या मिहीर कोटेचांनाच भरभरून दिलं. पाटील आले ते मानखुर्द-शिवाजीनगरच्या लीडवर. म्हणजे चेकनाका ओलांडला की मराठी माणसाचं मत बदलतं असं जे चॅनलवर सांगत होते ते काही खरं नाही, मतदारसंघात कुठली वस्ती जोडली आहे त्यावर निकाल फिरला. मुंब्रा ठाण्यात असता तर? तो कल्याणमध्ये आहे, कळवा-मुंब्रा विधानसभा म्हणून. अर्ध्या ठाणेकरांना हे माहीत नसतं.

येऊरचा वारा :
मुलुंडपूर्व, मुद्दा जबरी आहे. मग मुंबईत ठाकरे तीन जागा जिंकले ते मुस्लिम-दलित मतांवर आणि कोकणात ती मतं कमी म्हणून आपटले, असंच म्हणायचं का? कारण मला खरं खुपतं ते हे की पालघर, ठाणे, कल्याण, रायगड, रत्नागिरी-सिंधुदुर्ग, जिथे बाळासाहेबांच्या शब्दावर बस पेटायच्या आणि बस भरायच्यासुद्धा, तिथे ठाकऱ्यांच्या मशालीला एकही जागा नाही. आणि परभणी, हिंगोली, धाराशिव, यवतमाळ-वाशिम, नाशिक, शिर्डी इथे आहे. पक्ष कोकणातून उठून मराठवाड्यात गेला की काय.

कट्टर_मशाल :
हे अर्धसत्य आहे. परळ-लालबागचा मराठी माणूस मशालीबरोबरच होता, अरविंद सावंत आणि अनिल देसाई काय फक्त एका समाजाच्या मतांवर आले का? ठाण्यात तेव्हा सत्ता, पैसा, मुख्यमंत्री घरात, गृहखातं मित्राच्या हातात. चिन्ह काढून घेतलं, नाव काढून घेतलं, तरी ९ जागा. आणि वायव्य मुंबईचं काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं.

बाणवाला_कोपरी :
साहेब, तुम्ही २१ लढून ९ आणि आम्ही १५ लढून ७, टक्केवारी काढा. आणि समोरासमोर १३ ठिकाणी लढत झाली, त्यात ७ आमच्या ६ तुमच्या. ठाणे, कल्याण, मावळ, वायव्य मुंबई, संभाजीनगर, बुलढाणा, हातकणंगले. मोजून घ्या.

कट्टर_मशाल :
मोजले. दक्षिण मुंबई, दक्षिण मध्य, नाशिक, शिर्डी, हिंगोली, यवतमाळ. सहा झाले. तुमची सातवी, वायव्य मुंबई, तुम्हाला ४८ मतांनी मिळाली आहे, तिच्या जिवावर खरी शिवसेना कोणती ते ठरवू नका.

बूथएजंट :
४८ चा विषय निघालाच आहे तर. मी मतमोजणीला टेबलवर बसलेला माणूस, कुठल्या पक्षाकडून ते विचारू नका. बाहेरच्यांना वाटतं मशीन दाबलं आकडा आला, तसं नसतं. विधानसभेमागे चौदा टेबलं, मध्ये जाळी, जाळीच्या अलीकडे आम्ही, मोबाइल बाहेर जमा. कंट्रोल युनिट येतं, आधी सीलचा नंबर बघायचा, मग मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाने सही करून दिलेल्या १७ क च्या कागदाशी एकूण मतं जुळवायची, मग रिझल्टचं बटण. मशीन एकेका उमेदवाराचा आकडा दाखवत जातं आणि आपण जाळीला नाक लावून कागदावर उतरवत जायचं. तिसऱ्या फेरीनंतर मान अवघडते, चहा मिळेल तेव्हा मिळेल. शेवटी प्रत्येक विधानसभेतल्या पाच बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात.
वायव्य मुंबईत ईव्हीएमवर ठाकऱ्यांचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि शिंद्यांचे रवींद्र वायकर ४,५१,०९४. कीर्तिकर एक मत पुढे! टपाली मतांत वायकर १,५५० आणि कीर्तिकर १,५०१, म्हणून वायकर ४८ ने आले. फरक बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं परत तपासावी लागतात, तशी ती १११ मतं तपासली. त्यावर वाद आहे, कोर्टात जायचं त्यांनी जावं. मी एवढंच सांगतो की टपाली मत बाद होतं ते बऱ्याचदा घोषणापत्रावर सही राहिली, साक्षांकन राहिलं असल्या कारणाने, आणि ते देणारे कोण तर निवडणूक ड्यूटीवरचे सरकारी कर्मचारी. त्यांनाच फॉर्म भरता येत नाही.

अकोल्याहून ऐरोलीत :
बूथएजंट, शेवटचं वाक्य वाचून हसू आलं कारण मी ड्यूटीवाली आहे आणि तो फॉर्म खरंच भयंकर असतो.
मी जरा विदर्भाचं बोलते कारण इथे सगळं ठाणे-मुंबई चाललंय. विदर्भात १० पैकी आघाडी ७, त्यातले ५ एकट्या काँग्रेसचे. कापूस, सोयाबीनला भाव नाही हा राग होताच, पण आमच्या वस्त्यांत "चारसौ पार झालं तर संविधान बदलतील" ही गोष्ट जी पोचली ती कुठल्याही सभेपेक्षा जास्त चालली. तरी अकोल्यात वंचितचे बाळासाहेब (प्रकाश) आंबेडकर पावणेतीन लाखांच्या आसपास मतं घेऊन तिसरे आणि भाजपचा उमेदवार चाळीस हजारांनी विजयी. माझ्या माहेरी यावरून भावाभावांत बोलणं बंद आहे. आघाडीवाले म्हणतात वंचितमुळे पडलो, वंचितवाले म्हणतात आम्हाला सन्मानाने जागा द्यायच्या नव्हत्या तर मतं कशाला मागता. दोघांचंही पटतं म्हणून मी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलते.

आजोबा_नौपाडा :
ताई, २०१९ ला काँग्रेसची राज्यात एकच जागा होती, चंद्रपूर. या वेळी १७ लढवून १३. पवारसाहेबांनी १० लढवून ८. भाजप २८ लढवून ९. महाराष्ट्रात मतांच्या टक्क्यांत भाजप अजूनही एक नंबर आहे, २६ च्या पुढे, काँग्रेस १७ च्या आसपास, तरी जागा उलट्या. जागा कमी घ्या आणि निवडून घ्या, हे पवारांकडून शिकावं.

सीवूड्सची सून :
पवारांच्या ८ मध्ये पिपाणीचं प्रकरण धरा! त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि पिपाणी हे अपक्षांना मिळालेलं तसलंच चिन्ह. दिंडोरीत भास्कर भगरे गुरुजी आले, तिथे दुसरे एक भगरे, अपक्ष, चिन्ह पिपाणी, आणि त्यांना १ लाखाच्या वर मतं. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२ हजारांनी पडले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजार. माझ्या सासूबाई सातारच्या, त्यांचं म्हणणं मशीनवर दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, आणि नावातही तुतारी. उदयनराजेंच्या विजयावर त्या खूश आहेत तो भाग वेगळा.
आणि दिंडोरीत डॉ. भारती पवार केंद्रात मंत्री असून १ लाख १३ हजारांच्या फरकाने पडल्या, ती पिपाणी असूनसुद्धा. तो कांदा आहे. डिसेंबरात निर्यात बंद केली, उठवली मे महिन्यात, मतदान तोंडावर आल्यावर. तोवर शेतकऱ्याने मातीमोल भावात विकून टाकला होता. वाशी मार्केटला आमचे ओळखीचे गाळेवाले आहेत, ते तेव्हाच म्हणत होते की नाशिककर हे विसरणार नाही.

घणसोलीकर :
आणि तोच कांदा आपण नवी मुंबईत स्वस्त मिळाला म्हणून पाच-पाच किलो उचलत होतो. हेच तर कारण आहे ना की ठाण्यात तो मुद्दा झाला नाही! कांदा, सोयाबीन, कापूस, दूध हे आपल्याला फक्त पिशवीत दिसतं. मराठवाड्यात तर त्यावर मराठा आरक्षण आंदोलनाची फोडणी. अंतरवाली सराटीचा लाठीमार झाला सप्टेंबर २०२३ ला, तो गाव जालन्यात, आणि जालन्यात रावसाहेब दानवे लाखाच्या वर फरकाने पडले. बीडला पंकजाताई साडेसहा हजारांनी. नांदेडला अशोकराव फेब्रुवारीत भाजपात गेले, तरी काँग्रेसच आली. मराठवाड्यातल्या आठपैकी भाजपला शून्य. आपल्याकडे मोर्चा वाशीपर्यंत आला होता जानेवारीत, आठवतंय ना, एपीएमसीत लोकांनी भाकऱ्या आणून दिल्या, मी पण गेलो होतो. पण तो मोर्चा परत गेला आणि मतदान त्यांनी त्यांच्या गावात केलं, आपल्या इथे नाही.

येऊरचा वारा :
हे पटलं. म्हणजे ठाण्यात महायुतीच्या विरोधात जायला लोकांकडे जे कारण हवं ते पिकांचं नव्हतं, आरक्षणाचं नव्हतं, संविधानाचं काही वस्त्यांत होतं. फुटाफुटीचा राग होता तो विचारेंच्या ५ लाखांत दिसतो. आणि दुसऱ्या बाजूला संघटना सगळी.

दक्षिणवारी :
मधेच घुसतो. चेन्नईत नोकरी करून नुकताच ठाण्यात परतलोय. तुम्ही महाराष्ट्रातल्या उलट्यापालट्याचं नवल करताय, देशात बघा की. मध्य प्रदेशात २९ पैकी २९ भाजप, तामिळनाडूत ३९ पैकी ३९ इंडिया आघाडी. ओडिशात नवीनबाबूंच्या पक्षाला ३७ टक्क्यांच्या वर मतं आणि खासदार शून्य, भाजप २१ पैकी २०. आंध्रात जगनना ३९ टक्क्यांच्या वर मतं, जागा चार. उत्तर प्रदेशात बसपाला ९ टक्के, जागा शून्य. आपल्या देशात टक्क्यावर जागा मिळत नाही, मतं कुठे साठली आहेत त्यावर मिळते. भाजपची देशातली मतं ३७.४ वरून ३६.६ झाली, टक्क्याहून कमी घट, आणि जागा गेल्या ६३.

कट्टर_मशाल :
आणि त्या ६३ पैकी निम्म्याच्या जवळपास उत्तर प्रदेशातून. ६२ चे ३३ झाले. अयोध्या ज्यात येते त्या फैजाबादला अवधेश प्रसाद निवडून आले, खुला मतदारसंघ आणि दलित उमेदवार. अमेठीत स्मृती इराणी पडल्या. वाराणसीत मोदींचं लीड ४ लाख ७९ हजारांवरून दीड लाखावर.

बाणवाला_कोपरी :
तरी पंतप्रधान कोण झाले ते पण लिहा.

मुलुंडपूर्व :
झालं सुरू.
मी वेगळं विचारतो. ठाण्यात ५२ टक्के म्हणजे अर्धे लोक घरी. भावाच्या बिल्डिंगमध्ये नावं गायब, एकाच घरातल्या नवऱ्याचं आहे बायकोचं नाही, दोन तास रांगेत उभं राहून लोक परत गेले, केंद्रावर पंखा नाही, पाण्याचं पिंप दुपारी रिकामं. मोबाइल आत नेता येत नव्हता आणि ठेवायला जागाही नव्हती, त्यामुळे प्रत्येक रांगेत एक माणूस सहा जणांचे मोबाइल घेऊन गेटबाहेर उभा. हे ४८ टक्के आले असते तर कुणाला पडले असते?

आजोबा_नौपाडा :
ते दोन्ही बाजू आपल्यालाच म्हणतात. माझ्या अनुभवात न येणारा मतदार हा आलेल्यापेक्षा फार वेगळा नसतो, फक्त त्याला शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळालेली असते. २० मे सोमवार होता हो.

सीवूड्सची सून :
आजोबा, १०० टक्के. आमच्या मजल्यावरचे दोघे महाबळेश्वरला, आणि स्टेटसला मात्र लोकशाहीवर लेक्चर.

आसनगाव फास्ट :
विधानसभेला हेच चालेल असं कुणी समजू नये एवढं मला वाटतं. राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत फरक फार थोडा आहे, टक्का-दीड टक्का. तेवढा एका योजनेने फिरतो. आणि तेव्हा सांबरेंसारखे अपक्ष प्रत्येक तालुक्यात असतील, नाराज तर जागावाटपाच्या दिवशीच तयार होतात.

मॉडरेटर :
विधानसभेचे अंदाज दुसऱ्या धाग्यावर, इथे फक्त लोकसभेचा निकाल. कट्टर_मशाल आणि बाणवाला_कोपरी यांचे एकमेकांना उद्देशून असलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. आकडे ठेवले आहेत, विशेषणं काढली आहेत.

घणसोलीकर :
बूथएजंट, ऐरोली-बेलापूरचा बूथनिहाय हिशोब कुठे मिळेल? मला आमच्या गावठाणाचा आणि शेजारच्या टॉवरचा आकडा वेगवेगळा बघायचाय.

बूथएजंट :
त्याला फॉर्म २० म्हणतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर विधानसभानिहाय पीडीएफ टाकतात, एकेक पान स्कॅन केलेलं असतं, कधी आडवं कधी उभं. डावीकडे बूथचा नंबर, पुढे प्रत्येक उमेदवाराचा आकडा, शेवटी नोटा. तुमच्या गावठाणाचा बूथ नंबर मतदार स्लिपवर असेल, फेकली नसेल तर. टॉवरवाल्यांचा बूथ बहुतेक शेजारच्या शाळेत दुसऱ्या खोलीत असतो, त्यामुळे लागूनचेच नंबर बघा. आणि टपाली मतं त्यात शेवटी वेगळी येतात, ती गावठाणाच्या नावावर धरू नका.

येऊरचा वारा :
फाइल मिळाली की मी एक्सेलला चढवतो. मीरा-भाईंदरचं कुणीतरी घ्या, मला एकट्याला सहा विधानसभा झेपणार नाहीत.

अकोल्याहून ऐरोलीत :
ऐरोली माझ्याकडे. स्कॅन आडवं आलं तर मात्र घणसोलीकरांनी टाइप करायचं.